दाराबाहेरचा मास्टर

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही घरातच. त्यामुळे पोलिसात जायची सोय नाही, शेजाऱ्यांना सांगायची सोय नाही, आणि जिचं चोरीला गेलं ती बाई रोज सकाळी चोराला चहा करून देते, अशी ती भानगड. मी सांगतोय म्हणून कुणी माझ्यावर डोळे वटारू नयेत. भाऊजींनी स्वतःच भरल्या सभेत सांगून टाकलंय, त्यामुळे माझ्यासाठी झाकायला काही उरलेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा शिंप्याचा, पण शिंपी म्हटलेलं त्यांना खपत नाही. मास्टर म्हणायचं. ते फक्त सूट शिवतात. शर्ट शिवायला कुणी आलं तर "तयार मिळतात की बाजारात" म्हणून वाटेला लावतात. एकदा एका बाईनं उशीचे अभ्रे शिवून मिळतील का विचारलं, तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती कापडाची पिशवी तिथंच विसरून गेली. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव, आणि सूट मात्र असा शिवतात की पोट सुटलेला माणूसही त्यात ताठ चालायला लागतो. त्याबद्दल त्यांना नावं ठेवता येत नाहीत. मी प्रयत्न केलाय.

माझं इस्त्रीचं दुकान त्यांच्या दुकानाला खेटून. मधल्या भिंतीला एक खिडकी पाडलेली आहे. शिवलेला सूट तिच्यातून माझ्याकडे येतो आणि इस्त्री होऊन परत जातो. पण त्या खिडकीतून कपड्यांपेक्षा बोलणं जास्त जातं-येतं. पलीकडे समोर भाऊजींचं बेतायचं टेबल, बाजूला उंच आरसा, आरशाशेजारी पडदा लावलेला कोपरा, कपडे घालून बघायचा. मागच्या खोलीत ताई. ती काजं करते, अस्तर लावते, हातशिलाई करते. कोटाच्या आतल्या बाजूला जी छोटी पट्टी शिवलेली असते, तिच्यावर नाव मास्टरांचं. ती पट्टीही ताईच शिवते.

तर ताईच्या डोक्यात बरीच वर्षं एक गोष्ट घोळत होती. तिची सुरुवात भाऊजींच्या आईपासून झाली.

भाऊजींची आई शेवटी शेवटी एका बाजूनं गेली होती. उजवा हात आणि उजवा पाय, दोन्हीत जीव नाही. बाई मूळची करारी. ती बोलायला लागली की आम्ही सगळे मूग गिळून बसायचो. आजारपणात बोलणं शाबूत होतं, पण कपडे बदलायला ताई लागायची. दुकानामागेच घर, त्यातल्या आतल्या खोलीत तिची खाट. ती वेळ झाली की ताई हातातलं काम ठेवून आत जायची. तिच्या पाठोपाठ भाऊजीही कात्री ठेवून उठायचे आणि थोड्या वेळानं तोंडावर पाणी मारून परत यायचे. मी मनात म्हणायचो, माणूस खडूस असला तरी आईचं करतो. बाजारातही सगळे तेच म्हणायचे.

ताईनं मला एकदा सांगितलं होतं, "कपडे बदलताना त्या डोळे मिटून घेतात रे. गच्च. झालं म्हटल्याशिवाय उघडत नाहीत. त्यांना वाटत असेल, आपण डोळे मिटले की आपण तिथं नाहीच."

तेव्हापासून ताईनं एक नाद घेतला. सूटाचं उरलेलं कापड, जुन्या चादरी, मिळेल त्याचे कपडे शिवून बघायचे, एकाच हातानं घालता येतील असे. बाही खांद्यापासून उघडणारी, बटणाच्या जागी चिकटपट्टी, असं काय काय. काही जमायचं, बरंच फसायचं. सासूबाई गेल्या तेव्हा एक झगा अर्धा शिवून मशिनवर होता. तो तिनं उचलून बाकीच्यांबरोबर बोचक्यात बांधला आणि बोचकं खाटेखाली सरकवलं. पण नाद गेला नाही. रात्री जेवणं झाली की बोचकं बाहेर यायचं. काजं करता करता ती भाऊजींना म्हणायची, "अहो, स्वतःचे कपडे घालायला कुणालाही दुसऱ्याचा हात लागू नये. असं एक दुकान पाहिजे. आपलंच."

भाऊजी म्हणायचे, "हं."

तिनं फार लावून धरलं तर म्हणायचे, "आपण सूटवाले. आजाऱ्यांची झबली शिवत बसायचं काय आता?" ताई गप्प व्हायची आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच काढायची. मला ते पाठ झालं होतं. पलीकडे ती सुरू झाली की मी इकडे इस्त्री फिरवत फिरवत भाऊजींचं "हं" त्यांच्या आधी म्हणायचो.

आमच्या बाजारात दुकानदारांचा संघ आहे. त्याच्या सभेत कचऱ्याची गाडी कधी येते आणि गटार कुणी तुंबवलं यावर वाद घालायचा, ही रीत. पण यंदा अध्यक्ष झाला बेकरीवाला. तो कुठलंसं शिबिर करून आला होता आणि आल्यापासून पावाच्या लादीकडेसुद्धा टक लावून बघायचा. त्यानं सभेला एक साहेब बोलावले. साहेबांचे बूट चकचकीत, आवाज मऊ. ते म्हणाले, माणसाकडे आपल्या आयुष्याचं आणि आपल्या कामाचं स्पष्ट चित्र पाहिजे. ते नसेल तर माणूस म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट. मला पटलं. तसं माझ्या दुकानात एक बिनपत्त्याची पँट वर्षभर पडून आहे, तिचं काही बिघडलेलं नाही, पण पटलं.

"डोळे मिटा," साहेब म्हणाले. "दहा वर्षांनंतरचा एक दिवस बघा. तुम्ही कुठे आहात? काय करताय?"

मी डोळे मिटले. मी खुर्चीवर बसलेला दिसलो. इस्त्री उभ्यानं करायची असते, तेव्हा माझ्या मानानं हे स्वप्न पुष्कळ मोठं होतं. एक डोळा उघडून शेजारी पाहिलं, तर भाऊजींच्या पापण्या थरथरत होत्या आणि कपाळावर घाम आला होता. मला हसू आलं. सूटाशिवाय दुसरं काही न बघितलेला माणूस, त्याला दहा वर्षांनंतरही सूटच दिसणार, आणि तो तर आजच शिवून झालाय.

मग एकेकानं उठून सांगायचं होतं. बेकरीवाल्याला दुसरी शाखा दिसली. हार्डवेअरवाल्याला आपला मुलगा गल्ल्यावर बसलेला दिसला, मोबाइल न बघता. त्याला टाळ्या पडल्या. फुलवाली म्हणाली, "मी झोपलेली दिसले. ऊन वर येईपर्यंत. पहाटे बाजारात जायचं नाहीये." सगळे हसले, साहेबही. आणि मग मास्टरांची पाळी आली.

भाऊजी उभे राहिले. कोट खाली ओढून सारखा केला. बोलायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. माणसं वाट बघत होती. भाऊजींचा हात कोटाच्या मधल्या बटणावर गेला आणि ते बटण नुसतं फिरवत राहिले. मला कळलं, यांना काही म्हणजे काही दिसलेलं नाही. सगळ्या बाजारात ज्याची मान ताठ, त्याच्याकडे सांगण्यासारखं फुलवालीएवढंही नाही. आणि मग ते बोलले.

"स्वतःचे कपडे घालायला कुणालाही दुसऱ्याचा हात लागू नये. असं एक दुकान मला काढायचंय."

शब्दाला शब्द. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. सभागृहात अशी काही शांतता पसरली होती की ते पुढे बोलत गेले. ते म्हणाले, "माझी आई एका बाजूनं गेली होती. कपडे बदलताना ती डोळे मिटून घ्यायची. झालं म्हटल्याशिवाय उघडायची नाही."

बेकरीवाल्यानं डोळे पुसले. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग सगळेच उठले. माझे हात मांडीवरच राहिले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी कोट घातलेला पाहिला.

घरी जाताना मी म्हटलं, "भाऊजी, वाक्य फक्कड होतं."

"हं."

"कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं."

भाऊजींनी चाल वाढवली. त्यांच्या मानेची मागची बाजू लाल झाली होती. चोराच्या मनात चांदणं. घरी जाऊन ताईला सांगतील, हसून चुकलं म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी सांगितलं नाही.

तिला कळलं ते भिंतीवरून. संघानं ते वाक्य मोठ्या अक्षरांत काचेच्या चौकटीत बसवलं, खाली मास्टरांच्या दुकानाचं नाव घातलं, आणि बेकरीवाला स्वतः हातोडी-खिळा घेऊन हजर झाला. आरशाच्या वर ठोकून गेला. ताई आवाज ऐकून सुई-दोरा हातात घेऊन बाहेर आली. तिनं वाचलं. मी खिडकीतून बघत होतो. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. वाचून झालं तरी ती बघत राहिली.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

भाऊजींनी मान वर केली नाही. कापडावर खडू ओढत म्हणाले, "संघानं दिलंय."

"संघाचं आहे?"

"हं."

ताईनं दोरा दातानं तोडला आणि आत गेली.

त्यानंतर बोचकं खाटेखालून माळ्यावर गेलं. ताईचं काम सुरू होतं, चहा वेळेवर होता, बोलणंसुद्धा चालू होतं. फक्त ते एक वाक्य बंद झालं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घराण्यात भांडण निघालं म्हणजे अर्धं मिटलं. मी एकदा मागच्या दारानं जाऊन तिला म्हटलं, "ताई, तू बोलत का नाहीस त्यांना? सांग की सगळ्यांना, माझं आहे म्हणून."

ती काज करत होती. म्हणाली, "काज त्यांच्या कोटाला, अस्तर त्यांच्या कोटाला. हे एकच होतं रे जे माझं होतं. अजून केलंही नव्हतं धड, पण माझं होतं. आता मी ते करायला घेतलं तर लोक म्हणणार, बघा, बाई नवऱ्याचं स्वप्न पुरं करतेय. मग मला नको ते."

तेव्हा मला भाऊजींचा खरा राग आला. गेलेली वस्तू परत तरी देता येते. हिची वस्तू तिथल्या तिथं होती, पण आता हिला ती हातात धरवत नव्हती.

भाऊजींना सुख लागत होतं असं मात्र समजू नका. गिऱ्हाईक आत आलं की पहिल्यांदा चौकट वाचायचं आणि मान डोलवायचं, "वा मास्टर." भाऊजी कानकोंडे व्हायचे. आरशासमोर उभं राहून माप घ्यायचं म्हणजे वर ते वाक्य आणि खाली स्वतःचं तोंड. ते गिऱ्हाइकाला आरशाकडे पाठ करून उभं करायला लागले. पण चौकट काढायचं धाडस होईना, आणि आत जाऊन चार शब्द बोलायचं तर त्याहून होईना.

आणि मग कंडक्टर आला. आयुष्यभर बसमध्ये ओरडून ओरडून आवाज भोंग्यासारखा झालेला, पण डावा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबत होता. त्याला कुणीतरी या वाक्याची बातमी दिली होती.

"मास्टर, बायको शाळेत शिकवते," तो म्हणाला. "ती जाते सकाळी. घाईत तिला मला शर्ट घालायला वेळ नसतो, आणि माझा मला घालता येत नाही. ती येईपर्यंत मी बनियनवर घरात बसून. कोपऱ्यावर चहाला जायचं तरी पंचाईत. मला एक शर्ट द्या, माझा मला घालता येईल असा. बाकी मला काही नको."

आत मशिन थांबलेलं मला ऐकू आलं. ताई ऐकत होती. भाऊजींनीही आतल्या दाराकडे पाहिलं. आताही वेळ गेली नव्हती. "अगं, जरा बाहेर ये," एवढंच म्हणायचं होतं. पण बेकरीवाला दुकानात टेकला होता आणि बघत होता. भाऊजी म्हणाले, "सरळ उभे राहा," आणि टेप काढली. उभ्या माणसाचं, ताठ माणसाचं माप घेतलं, जसं सूटाचं घेतात.

शर्ट त्यांनी झक्कास शिवला. कापड उंची, कॉलर अशी की हात फिरवत राहावं. बटणं काढून पट्टीच्या आत टिचबटणं लावली होती, बाहेरून दिसू नयेत म्हणून. इस्त्री करताना मी एक टिचबटण लावून बघितलं. खालून एका हाताचं बोट टेकवल्याशिवाय वरून लागत नव्हतं. मी खिडकीतून शर्ट परत देताना म्हटलं, "भाऊजी, याला दोन हात लागतायत."

"तू इस्त्री कर," भाऊजी म्हणाले.

शर्ट न्यायला कंडक्टर आला त्या दिवशी बेकरीवाल्यानं संघाची चार माणसं आणली, फोटो काढायला. कंडक्टर शर्ट घेऊन पडद्याआड गेला. ही मंडळी बाहेर उभी. आधी आतून कंडक्टरचं बोलणं येत होतं, "कापड चांगलंय हो." मग ते थांबलं. पडदा आतून हलत होता, कोपर लागत असावं. भिंतीवर काहीतरी आपटलं. बेकरीवाला मोबाइल धरून हसऱ्या तोंडानं उभा होता, त्याचं हसू हळूहळू उतरलं. मग तो भोंग्यासारखा आवाज अगदी बारीक होऊन आला.

"मास्टर, जरा हात देता का."

चौकट शेजारीच आरशावर होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. भाऊजी पडद्यापर्यंत गेले. पडद्याला हात लावला. आणि तिथंच थांबले. आत एक माणूस शर्टात अडकलाय आणि हे बाहेर पडद्याची कड धरून उभे, पुढं नाही, मागं नाही. मी इकडून ओरडणार होतो, तेवढ्यात ताई आतून आली. तिनं भाऊजींना बाजूला केलं आणि पडद्याआड गेली. थोड्या वेळानं कंडक्टर आपल्या जुन्या शर्टात बाहेर आला. केस विस्कटलेले, तोंड लाल.

"तिकीट काढलं, पण गाडी काही सुटली नाही," तो म्हणाला. विनोद होता. कुणी हसलं नाही. तो गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मंडळी पांगली. भाऊजी तिथल्या स्टुलावर बसले. दिवसभर त्यांनी कात्री उचलली नाही. मी खिडकीत डोकं घालून काहीतरी लागेल असं बोलणार होतो, तयारही होतं, पण त्यांचं तोंड बघून गिळलं. मेल्याहून मेल्यासारखा माणूस दिसतो म्हणतात, तसे दिसत होते. स्टुलावर चढून त्यांनी चौकट काढली आणि कापडाच्या पेटीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवली.

संघाच्या पुढच्या सभेला साहेब पुन्हा येणार होते, कुणाचं चित्र कुठपर्यंत आलं ते बघायला. मला वाटलं, भाऊजी जाणार नाहीत. ते गेले. कोट न घालता गेले, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. मीही गेलो, आणि खरं सांगायचं तर त्यांची फजिती बघायला गेलो.

त्यांची पाळी यायच्या आधीच ते उठले. "मागच्या वेळी मी इथं बोललो ते माझं नव्हतं," ते म्हणाले. "ते वाक्य माझ्या बायकोचं आहे. ती बरीच वर्षं म्हणत होती, मी लक्ष दिलं नाही. इथं मला काही सुचलं नाही म्हणून मी ते उचललं."

साहेब पटकन पुढे झाले. "वा! किती मोठं मन लागतं याला. पत्नीला श्रेय देणारा—" आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

"टाळ्या नका वाजवू," भाऊजी म्हणाले. "अजून आहे." टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला. ते खाली बघून बोलत होते. "आई डोळे मिटून घ्यायची असं मी सांगितलं. ते मी पाहिलेलं नाही. मी त्या खोलीत कधी नव्हतो. मी दाराबाहेर उभा राहायचो, कडीला हात लावून. रोज ठरवायचो, आज आत जायचं. आईला तशी बघायची मला लाज वाटायची. झालं की तोंड धुऊन दुकानात यायचो. लोक म्हणायचे मास्टर आईचं सगळं करतात, ते मी ऐकून घेतलं. आत आई डोळे मिटून आणि बाहेर मी. डोळे उघडे ठेवून सगळं केलं ते बायकोनं एकटीनं."

मला हे माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लावून राहतो, खिडकीतून सगळं ऐकतो म्हणून फुशारकी मारतो, आणि हे मला माहीत नव्हतं. ताईनं कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्यांची फजिती बघून बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

साहेबांना आता काय करावं कळेना. सवयीनं त्यांनी विचारलं, "मग मास्टर, तुमचं स्वतःचं चित्र काय आहे?"

भाऊजींनी खरंच विचार केला. "डोळे मिटले की मला ते दार दिसतं," ते म्हणाले. "बाहेरून. त्याच्या पुढचं काही दिसत नाही."

शेवटी फुलवाली म्हणाली, "बसा मास्टर, पाणी प्या," आणि आपली बाटली पुढे केली.

घरी आल्यावर भाऊजी मागच्या खोलीत गेले. मी माझ्या दुकानात दिवा न लावता उभा राहिलो. चोरून ऐकणं वाईट, पण खिडकी मी पाडलेली नाही. भाऊजींनी जे सभेत सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं, दारासकट. ताईनं कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बोलून आलात म्हणजे फिटलं असं नाही," ती म्हणाली. "मला राग आहे अजून. तो जाईल तेव्हा जाईल."

"हो," भाऊजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "हं" सोडून दुसरं काही म्हटलं.

"आणि दाराचं मला काय सांगताय? मला माहीत होतं. दाराखाली फट होती, तुमचे पाय दिसायचे." मग तिचा आवाज बदलला. "आईंनाही माहीत होतं. डोळे मिटलेले असायचे, पण विचारायच्या. आला का गं तो? मी म्हणायची, येतोय."

पलीकडून जो आवाज आला तो मी भाऊजींच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी शटर न लावताच घरी गेलो.

सकाळी आलो तर भाऊजी स्टुलावर चढून माळ्यावरचं बोचकं काढत होते आणि ताई खालून "धूळ उडवू नका" म्हणून ओरडत होती. चौकटीच्या रिकाम्या खिळ्याला तिची टेप लटकत होती. कंडक्टरला निरोप गेला. तो लगेच येईना. दोनदा अपमान करून घ्यायला कोण येतं. शेवटी ताई स्वतः त्याच्या घरी जाऊन आली, तेव्हा आला, आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "या वेळी फोटोवाले नाहीत ना?"

"नाहीत," ताई म्हणाली. "माप नंतर घेऊ. आधी अंगातला शर्ट काढून दाखवा. तुमचा तुम्ही. आम्ही कुणी हात लावणार नाही, कितीही वेळ लागू दे."

कंडक्टर पडद्याआड गेला. ताई त्याच्या मागे गेली. मग पडदा बाजूला करून तिनं बाहेर पाहिलं.

"अहो, आत या."

"मी कापड बघतो तोवर," भाऊजी म्हणाले.

"आत या. बघितल्याशिवाय बेतणार कसं?"

भाऊजी पडद्यापर्यंत आले आणि पडद्याला हात लावून उभे राहिले. मी इस्त्री बाजूला ठेवली. ताई पडदा धरून उभी होती. मग ते मान वाकवून आत गेले आणि पडदा पडला.

आतून कंडक्टरच्या धापा ऐकू येत होत्या आणि बटणांशी चाललेली झटापट. मध्येच त्याचा आवाज आला, "मास्टर, खाली काय शोधताय? माझं काही पडलेलं नाही. इकडे वळून बघा. मला चालतंय, तर तुम्हाला काय होतंय?"

पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. त्याखाली ताईच्या चपला दिसत होत्या, कंडक्टरचे सँडल दिसत होते, आणि भाऊजींचे बूट. बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला होती. बराच वेळ ती तशीच होती. मग एक बूट वळला, आणि थोड्या वेळानं दुसरा.